शाळेपुरते वेब-ॲप : साधनांची निवड व उभारणी

(शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे जे नाव छापले आहे ते वाचून, हा विषय पुण्यामुंबईच्या कंपन्यांतील तरुणांचा आहे, प्राथमिक शिक्षकाचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. वस्तुस्थिती आता तशी राहिलेली नाही. कित्येक शिक्षकांनी आपापल्या वर्गासाठी प्रश्नमंजूषा, वाचनपाठ, शब्दकोडी अशी छोटी पाने स्वतः तयार केली आहेत. शिवाय आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला मराठीत चार वाक्ये सांगितली की ते आख्खे ॲप लिहून हाती देते. तेव्हा ‘हे शिक्षकाला जमेल काय?’ हा प्रश्न जवळजवळ मिटला आहे. उरला आहे तो दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. आपण केलेले हे काम आपली बदली झाल्यावर कोण चालविणार? शाळा द्विशिक्षकी, एका गुरुजींनी हौसेने ॲप केले, मुले त्याला सरावली, आणि गुरुजी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. मागे राहिलेल्या बाईंना त्या ॲपमधील एक चुकलेले उत्तर दुरुस्त करता येईल काय? साधने निवडताना मी हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतो, आणि आज जे सांगणार आहे ते त्याच्याच अनुषंगाने सांगणार आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करून घेऊ. वेब-ॲपचे दोन भाग असू शकतात. एक भाग दूरच्या सर्व्हरवर चालतो. खाती, गुण, निकाल यांचा साठा तेथे असतो. त्याला बॅक-एंड म्हणतात. दुसरा भाग मुलाच्या हातातील फोनवर, ब्राउझरमध्ये चालतो. डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागते ते सारे या भागात येते. तो फ्रंट-एंड. आपल्या वर्गाच्या बऱ्याचशा गरजा या दुसऱ्या भागावरच भागतात. ज्या कामाला सर्व्हर लागत नाही त्याला तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हर आला की त्याचे भाडे आले, त्याची राखण आली, आणि मुलांची माहिती परक्या घरी ठेवण्याची जबाबदारीही आली.

फ्रंट-एंड तीन भाषांत लिहिला जातो. पानावर काय काय आहे, म्हणजे शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, बटन कोणते, हे एचटीएमएल सांगते. ते कसे दिसावे हे सीएसएस सांगते. बोट लावल्यावर त्याने कसे वागावे हे जावास्क्रिप्ट सांगते. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली, आणि १९९१ साली पहिले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला खुले झाले. सीएसएसचा प्रस्ताव १९९४ सालचा. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभा केला. या सनावळ्या पाठ करण्यासाठी सांगत नाही. सर्नचे ते पहिले पान आजच्या फोनवरही उघडते आणि स्वच्छ वाचता येते, हे आपल्या ध्यानात यावे म्हणून सांगतो. जुनी पाने मोडू द्यावयाची नाहीत असा दंडक ब्राउझर बनविणाऱ्यांनी पाळला आहे. ज्या साधनाने तीस वर्षांवर निष्ठा राखली, त्यावर शाळेने विसंबावयास हरकत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी, दोनपासून तीसपर्यंतच्या पाढ्यांचा सराव घेणारे एक पान करावयाचे आहे असे धरा. तयार ॲपे पुष्कळ आहेत; मग हे आपण का करावे? कारण तयार ॲप बहुधा ‘७ × ३’ असे दाखविते, आणि आपल्या मुलाच्या कानात ‘सात त्रिक’ असते. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे या शब्दांच्या ठेक्यावर पाढा स्मरणात बसलेला असतो. ‘सात त्रिक?’ असे विचारताच ज्याच्या जिभेवर एकवीस येतात, तेच मूल नुसते चिन्ह पाहून क्षणभर थबकते. ठेक्यातून चिन्हाकडे जाण्याची ही पायरी मराठी शाळेची स्वतःची आहे, आणि ती बांधून देण्याचे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करील अशी वाट पाहत बसणे बरे नाही.

पानाकडून काय हवे ते आधी कागदावर लिहावे. संगणकावर नव्हे, संगणक उघडला की रंग कोणता द्यावा यातच संध्याकाळ जाते. प्रश्न शब्दांत आणि अंकांत अशा दोन्ही रूपांत दिसावा. उत्तर मुलाने देवनागरी अंकांत द्यावे. बरोबर उत्तर अंकांत व अक्षरांत दाखविले जावे. जे चुकते ते पुन्हा पुन्हा समोर यावे. रेंज नसताना पान चालावे. आणि ते वडिलांच्या जुन्या फोनवर चालावे, कारण घरात फोन एकच, आणि तो संध्याकाळी वडिलांबरोबर शेतातून किंवा कामावरून परत येतो. त्या एका फोनवर तीन भावंडे आळीपाळीने बसणार, हेही गृहीत धरावे.

एवढे लिहिल्यावर कामाचे खरे आकारमान कळते. एकोणतीस पाढे, प्रत्येकी दहा ओळी. म्हणजे दोनशे नव्वद प्रश्न. ते लिहून काढावयाचे नाहीत, गुणाकार यंत्र करील. अडचण येते ती अक्षरी उत्तरांत. इंग्रजीत विसाच्या पुढील संख्यांची नावे नियमाने तयार करता येतात, म्हणून ते काम करणाऱ्या तयार लायब्ऱ्या आहेत. मराठीत एकवीस, बत्तीस, त्रेचाळीस, चोपन्न, पासष्ट हा प्रत्येक शब्द आपापल्या वळणाने घडलेला आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला तो याच वळणांवरून. त्या वादात आज शिरत नाही. यंत्राच्या बाजूने पाहता निष्कर्ष एकच निघतो, की शंभर शब्दांची यादी हाताने लिहावी लागते. शंभराच्या पुढचे एकशे, दोनशे जोडून निघतात. ही यादी लिहिण्यास आपल्याइतका लायक माणूस दुसरा नाही, आणि तिचे वजन किती? देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते असे धरले तरी सारी यादी सुमारे दोन किलोबाइटांत बसते. फोनने काढलेले एक छायाचित्र याच्या हजारपट असते.

चुकलेला प्रश्न पुन्हा कसा आणावा, यासाठीही मोठे शास्त्र लागत नाही. मडक्यात प्रत्येक प्रश्नाची एक चिठ्ठी आहे असे समजा. उत्तर चुकले की त्या प्रश्नाच्या आणखी दोन चिठ्ठ्या मडक्यात टाका. बरोबर आले की एक काढा, पण शेवटची कधी काढू नका. मडक्यात हात घालून जी येईल ती चिठ्ठी वाचा. जावास्क्रिप्टमध्ये हे दहापंधरा ओळींचे काम आहे, आणि आपल्या मागून येणाऱ्या शिक्षकाला ते मडक्याच्या दाखल्याने समजावून देता येते.

आता फ्रेमवर्कचा प्रश्न. आपण या विषयाची माहिती कोठेही वाचावयास घेतली तर पहिल्याच पानावर रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर ही नावे भेटतील. फेसबुकने २०१३ साली रिॲक्ट सर्वांसाठी खुले केले. इव्हान यू यांनी २०१४ साली व्ह्यू काढले. अँग्युलरच्या पाठीशी गूगल आहे. ही साधने वाईट नाहीत. एकच माहिती पडद्यावर दहा ठिकाणी दिसत असते, ती एका ठिकाणी बदलली की इतर नऊ ठिकाणी आपोआप बदलावी, हा त्यांचा मुख्य उपयोग, आणि शेकडो पडद्यांच्या कामात तो मोलाचा आहे. आपल्या पानाला पडदे तीन: पाढा निवडा, प्रश्न सोडवा, निकाल पाहा.

फ्रेमवर्कचे ओझे लोक किलोबाइटांत मोजतात. रिॲक्टचे मूळ भाग दाबून बांधल्यावरही चाळीस किलोबाइटांच्या वर जातात हे खरे, पण मला त्याची तितकी चिंता वाटत नाही. खरे ओझे आपल्या टेबलावर येऊन पडते. नोड बसवा, एनपीएम चालवा, शेकडो पुडक्यांचा संच उतरवून घ्या, आणि मग आपण लिहिलेला मजकूर यंत्रात घालून त्यापासून ब्राउझरला समजेल असा दुसरा मजकूर तयार करा, असा हा क्रम आहे. शेवटी फोनवर जे पोचते ते आपण लिहिलेले नसते. ते माणसाला वाचण्याजोगेही नसते. मागे राहिलेल्या बाईंनी ती फाइल उघडली तर त्यांना ‘त्रेचाळीस’ हा शब्द कदाचित सापडेल, पण तो बदलण्याची खरी जागा बदलून गेलेल्या गुरुजींच्या लॅपटॉपवर असेल.

पुडक्यांविषयी एक घटना सांगतो. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने एनपीएमवरील आपली पुडकी वादातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक होते. काम एवढेच, की शब्दाच्या डावीकडे ठरावीक लांबी होईपर्यंत जागा किंवा शून्ये भरावयाची. अकरा ओळी. ते नाहीसे होताच जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी अडली, कारण त्यांनी ते थेट नव्हे तर दुसऱ्यातिसऱ्या पुडक्याच्या पोटातून आणलेले होते. आपण त्यावर उभे आहोत हे कित्येकांना ठाऊकही नव्हते. काही तासांत ते परत बसविण्यात आले. पुढे २०१७ सालच्या आवृत्तीत तीच सोय खुद्द जावास्क्रिप्टमध्ये आली. आपल्याला ‘७’चे ‘०७’ करावयाचे असेल तर आता कोणाकडेही जावे लागत नाही.

साधनांच्या आयुष्याचाही विचार करावा. अँग्युलरचा पहिला अवतार, ॲंग्युलरजेएस, २०१० साली आला आणि २०२१ च्या अखेरीस गूगलने त्याची देखभाल थांबविली. रिॲक्टची उभारणी करून देणारे ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधन २०१६ साली निघाले; ज्या पिढीने ते शिकून घेतले तिला फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगण्यात आले की नव्या कामासाठी ते वापरू नये. आणि फ्लॅशचे काय झाले हे तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. शैक्षणिक खेळ, हलणारी चित्रे, प्रयोगांची प्रात्यक्षिके यांचा केवढा साठा त्यात होता! अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील सामग्री चालणेच बंद केले. त्या साठ्याच्या सीड्या आजही काही शाळांच्या कपाटांत आहेत. त्या उघडता येत नाहीत, आणि नोंदवहीतून कमी करण्याची परवानगीही कोणी मागितलेली नाही.

म्हणून या कामासाठी माझी निवड साधी आहे: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट, जशीच्या तशी, बाहेरची लायब्ररी नाही, बांधणीचे यंत्र नाही. जी फाइल आपण लिहिली तीच मुलाच्या फोनवर जाते. बाईंनी ती उघडावी, ‘त्रेचाळीस’ शोधावे, दुरुस्त करावे, साठवावे.

या नियमाला अपवाद आहे. केंद्रातील पाचसहा शिक्षक मिळून दहा विषयांचे, वीसपंचवीस पडद्यांचे काम करणार असतील, आणि त्यांतील निदान दोघांना हे तंत्र चांगले अवगत असेल, तर फ्रेमवर्क घ्यावे. त्याची उभारणी व्हीट या साधनाने करावी. तेही इव्हान यू यांनीच २०२० साली काढले आहे. मधला मार्गही आहे. व्ह्यू ही एकच फाइल म्हणून उतरवून, बांधणीवाचून, आपल्या पानाला जोडता येते. तसे केल्यास ती फाइल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवावी. दूरच्या पत्त्यावरून दर वेळी मागवू नये, नाहीतर रेंज गेली की पान कोरे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून मजकूर लिहून घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्याला नुसते ‘पाढ्यांचे ॲप कर’ म्हटले तर ते पुष्कळदा रिॲक्टमध्ये लिहून मोकळे होते. अटी आपण घालाव्यात: फ्रेमवर्क नको, बाहेरची लायब्ररी नको, फाइली तीनच, आणि प्रत्येक भागावर मराठीत खुलासा. आलेला मजकूर ओळीओळीने वाचावा. कळले नाही ते विचारावे. विचारूनही कळले नाही ते काढून टाकावे. संख्यांची यादी तर दोनदा तपासावी. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत ही साधने घोटाळा करू शकतात, आणि चुकीचे अक्षर मुलाच्या मनात एकदा बसले की ते उठविण्यास आपल्याला वर्ष लागते.

आता उभारणी. संगणकावर एक फोल्डर करावा व त्यात तीन भाषांच्या तीन फाइली ठेवाव्यात. लिहिण्यासाठी विज्युअल स्टुडिओ कोड हे मोफत साधन चांगले. तेही नसेल तर नोटपॅड पुरते, मात्र साठविताना यूटीएफ-८ ही पद्धत निवडलेली आहे याची खात्री करावी. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत केलेला मजकूर आपल्याकडे पुष्कळ आहे. तो दिसतो मराठी, पण त्या टंकावाचून उघडला की इंग्रजी अक्षरांचा गुंता समोर येतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, मगच पानावर आणावा.

एचटीएमएलच्या आरंभी तीन गोष्टी न विसरता लिहाव्यात. अक्षरसंच यूटीएफ-८ आहे ही पहिली. पानाची रुंदी फोनच्या रुंदीइतकी धरावी ही दुसरी. ती नसेल तर फोन त्याला मोठ्या पडद्याचे पान समजून मुंगीएवढी अक्षरे दाखवितो. तिसरी, पानाची भाषा मराठी असल्याची नोंद. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात, कारण तिच्यावाचून काही बिघडलेले दिसत नाही. पण दृष्टिहीन मुलासाठी पान वाचून दाखविणारे साधन कोणत्या भाषेचा उच्चार करावा हे त्या नोंदीवरून ठरविते. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे हिंदीहून वेगळी आहेत. काही टंकांत दोन्ही रूपे असतात आणि भाषेची नोंद पाहून योग्य ते निवडले जाते. वर्णमालेविषयीच्या २०२२ सालच्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे धरली आहेत. फळ्यावर एक ‘ल’ आणि फोनवर दुसरा, अशा कात्रीत पहिलीच्या मुलाला सापडू देऊ नये. टंक फोनचाच वापरावा की सोबत द्यावा, हे यावरूनच ठरते. देवनागरीच्या टंकात जोडाक्षरे भरपूर असल्याने तो वजनाने जड असतो. पाढ्यांच्या पानासाठी फोनमधला टंक पुरे. अक्षरओळखीचे पान करीत असाल तर मात्र मराठी रूपे असलेला, मुक्त परवान्याचा टंक आपल्या फोल्डरमध्ये ठेवून द्यावा, वजन सोसावे.

अंकांच्या बाबतीत एक खाचखळगा आहे, तो जरा थांबून पाहू. मुलाने ‘२१’ असे देवनागरीत लिहिले आणि आपण जावास्क्रिप्टला त्याची संख्या करावयास सांगितली, तर ती ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. तिला केवळ इंग्रजी अंकांची ओळख आहे. म्हणजे उत्तर बरोबर असूनही पान मुलाला चूक ठरविणार! खास संख्यांसाठी असलेला लेखनचौकोनही देवनागरी अंकांच्या बाबतीत भरवशाचा नाही. उपाय दोन आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे. मधले ओळीने येतात. तेव्हा आलेल्या चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. दुसरा उपाय, पानावरच ० ते ९ अशी दहा मोठी बटने मांडावीत आणि प्रत्येकाला त्याची किंमत आपण नेमून द्यावी. मला हा दुसरा अधिक पसंत आहे. फोनचा कीबोर्ड अर्धा पडदा झाकतो. तो वर येत नाही. मुलाला भाषा बदलण्याची कळ शोधावी लागत नाही. बटने मात्र खरीखुरी बटने असावीत, रंगविलेले चौकोन नसावेत. वाचून दाखविणाऱ्या साधनाला रंगविलेला चौकोन हे बटन आहे असे उमगत नाही.

चिठ्ठ्यांचे मडके ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवावे. तेथे साधारण पाच मेगाबाइट जागा असते. आपल्याला त्याचा हजारावा भागही पुरेसा होतो. ही माहिती त्या फोनच्या बाहेर जात नाही. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. पाढ्यांच्या सरावाला मुलाचे नाव, जन्मतारीख, हजेरी क्रमांक यांपैकी कशाचीच गरज नाही. तीन भावंडांची तीन मडकी वेगळी ओळखता यावीत एवढेच हवे. त्यासाठी आंबा, कावळा, बैलगाडी अशी चित्रे ठेवावीत, ज्याने त्याने आपले चित्र निवडावे. जी माहिती आपण मागितलीच नाही ती आपल्या हातून सांडतही नाही. फोन बदलला की मडके जाते, आयफोनवर तर पान बरेच दिवस न उघडल्यासही जाऊ शकते, हे पालकांना आधी सांगून ठेवावे. पाढा डोक्यात राहिला असेल तर नुकसान नाही.

आता हे पान मुलांपर्यंत पोचवावयाचे. व्हॉट्सॲपवर फाइल पाठविणे सोपे वाटते, पण अशी फाइल काही फोनांवर नीट उघडते, काहींवर नाही, आणि साठविलेल्या माहितीचा भरवसा राहत नाही. त्यापेक्षा पानाला इंटरनेटवर एक पत्ता मिळवून द्यावा. गिटहब पेजेस या सेवेवर सर्वांना खुल्या असलेल्या कामासाठी तो विनामूल्य मिळतो, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहते. मग चौथी फाइल जोडावी, सर्व्हिस वर्करची. एकदा रेंजमध्ये पान उघडले की ती फाइल बाकीच्या फाइली फोनमध्ये ठेवून घेते. पुढे डोंगरापलीकडच्या वस्तीवरही पान उघडते. यात एक मेख आहे. आपण चूक दुरुस्त केली तरी फोन जुनीच प्रत दाखवीत राहतो, कारण ती त्याने जपून ठेवलेली असते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीबरोबर साठ्याच्या नावातील आवृत्तीचा आकडा बदलावा, आणि तोच आकडा पानाच्या तळाशी दिसेल असा छापावा. ‘माझ्याकडे अजून चूक दिसते’ असा पालकांचा फोन आला की ‘खाली कोणता आकडा आहे?’ एवढे विचारले म्हणजे पुरे.

तपासणी गावातील सर्वांत जुन्या फोनवर करावी, आपल्या फोनवर नव्हे.

बदलीचा मुद्दा मी आरंभी काढला होता, त्याकडे येतो. एका शाळेत मी असे पाहिले, की पान उत्तम होते, पण ते ज्या खात्यावर होते त्याचा ईमेल बदलून गेलेल्या गुरुजींचा खाजगी होता, आणि परवलीचा शब्द त्यांनाही आठवेना. एक चुकलेला गुणाकार दोन वर्षे तसाच राहिला; मुले तो तसाच पाठ करीत होती. तेव्हा खाते शाळेच्या ईमेलवर उघडावे, मुख्याध्यापकांच्या माहितीत. पानाचा पत्ता, खात्याचे नाव, फाइली कोठे आहेत, आवृत्तीचा आकडा कोठे बदलावा, हे सारे एका कागदावर हाताने लिहून तो कागद जडसंग्रह नोंदवहीत लावावा. परवलीचा शब्द बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्यावा. फाइलींची एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर. आणि चार्ज देताना खुर्च्या, टेबले, तराजू मोजून देतो तसे हे पानही बसून दाखवावे: नव्या शिक्षकाकडून एक शब्द बदलून घ्यावा, तो फोनवर आलेला त्यांनी स्वतः पाहावा, आणि मग सही घ्यावी.

दुपारच्या सत्रात आपण प्रत्यक्ष फोल्डर करून पाहणार आहोत. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तो आणावा. नसेल तर दोघांतिघांनी एका संगणकावर बसावे. एकपासून शंभरपर्यंतच्या अक्षरी संख्या आपापल्या वहीत लिहून आणल्यास यादी टंकण्याचे काम तासाभरात उरकेल. वह्या आपसांत बदलून तपासू.